दंडावरची फीत



गुरुजी दंडाला काळी फीत बांधून वर्गात आले, की पुढच्या रांगेतलं एखादं पोर हमखास विचारतं, "गुरुजी, कोण वारलं?" पोराचा प्रश्न रास्त आहे. पण वारलेलं कुणीच नसतं. गुरुजींची काही मागणी असते. वीतभर कापड, पण ते शोक सांगतं, निषेध सांगतं आणि अधिकारही सांगतं. आज त्याविषयीच चार गोष्टी बोलू.

आपल्याकडे घरात कुणी गेलं तर सुतक धरतात, मुलगा डोकं भादरतो. काळी फीत ही आपली जुनी रीत नव्हे. ती इंग्रजांबरोबर आली आणि इथं रुळली. २६ डिसेंबर २०२४ रोजी डॉ. मनमोहन सिंग निवर्तले, तेव्हा दुसऱ्या दिवशी आपले क्रिकेट खेळाडू मेलबर्नच्या मैदानावर काळी फीत बांधूनच उतरले.

अधिकाराच्या फितीचा रंग निराळा. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाची गर्दी लोटते. अशा गर्दीत एखाद्या पोराच्या दंडावर स्वयंसेवकाची पट्टी दिसली, की आजोबाही त्याचं ऐकून मुकाट रांगेत येतात. पट्टी सुटली, की अधिकारही सुटला.

आता निषेधाची फीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. आपला बुलढाणा जिल्हा त्या दिवशी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी बेळगाव मात्र मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. एकाच तारखेनं आपल्याला जोडलं आणि त्यांना तोडलं. तिकडची मराठी माणसं म्हणूनच १ नोव्हेंबरला काळा दिन पाळत आली. २०२० साली त्या दिवशी महाराष्ट्राच्या मंत्र्यांनीही काळ्या फिती लावून काम केलं.

अमेरिकेतली गोष्ट गुरुजनांनी जरूर ऐकावी. डिसेंबर १९६५ मध्ये डे मॉइन शहरातली काही मुलं व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध काळ्या फिती बांधून शाळेत गेली. शाळेनं त्यांना घरी धाडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६९ साली निकाल मुलांच्या बाजूनं लागला. शाळेच्या कामात अडथळा नाही, तर नुसत्या फितीसाठी शिक्षा कशाला, असा त्याचा मथितार्थ.

फितीचं मर्म हेच आहे, मंडळी. ती बांधणारा काम सोडत नाही. फळ्यावरचं गणित चालूच राहतं. आणि म्हणूनच तिच्याकडे काणाडोळा करणं सोपं जातं. मग फितीचा मोर्चा होतो, मोर्चाचा संप होतो, आणि संपात बुडते ती आपल्याच पोरांची शाळा.

तेव्हा गुरुजनहो, पोरानं विचारलं तर "तुला काय करायचंय?" असं म्हणू नका; कारण नीट सांगा. आणि गावकरी मंडळी, फीत दिसली तर तुम्हीही थांबून विचारा, "गुरुजी, काय झालं?" एवढं विचारणारं कुणी भेटलं, तर फितीचं काम झालं.