ठराव आणि त्यानंतर

(पुणे येथे पक्षकार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युद्धाची खूण पाहण्यासाठी पुणेकराला सीमेवर जावे लागत नाही. एकट्या खडकीत १८६९ साली सुरू झालेला दारूगोळ्याचा कारखाना आहे, मणक्याला इजा होऊन पांगळ्या झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातील १६०० हून अधिक सैनिकांची दफनभूमीही आहे. परंतु युद्धाचा एक भाग तेथे दिसत नाही. ज्यांच्या शेतांतून सैन्ये जातात त्या निःशस्त्र माणसांची पेरणी, चूल, बाळंतपणे आणि मरणे ही त्यांच्यात जाऊन राहिल्याखेरीज कळत नाहीत.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस असे जाऊन राहिले होते. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष युद्ध लादले. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. सुभाषबाबू त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. काँग्रेसने सहानुभूतीचा ठराव करून काम संपले असे मानले नाही. लोकांकडून निधी जमवला, आणि सप्टेंबर १९३८ मध्ये डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टर चीनला रवाना झाले. नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी, डॉ. बसू आणि कोटणीस हे त्यांतील इतर चौघे. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या जखमा बांधण्यासाठी आपली माणसे पाठवली, ही गोष्ट आजही विचार करायला लावणारी आहे.

हे पथक पोहोचले तो चीन कसा होता? त्याच वर्षी जून महिन्यात जपानी फौजा रोखण्यासाठी चिनी सरकारनेच पीत नदीचे बांध फोडले होते. त्या पुरात लाखो शेतकरी मेले किंवा देशोधडीला लागले. शत्रूच्या तोफा आणि स्वतःच्या सरकारची रणनीती या दोहोंची किंमत त्याच शेतकऱ्याने मोजली. ऑक्टोबरात कँटन आणि हँकाऊ ही शहरे पाठोपाठ पडली. पथक चुंगकिंगमार्गे १९३९ च्या आरंभी येनानला पोहोचले. वाटेतच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली; तरी ते परतले नाहीत.

पुढे प्रकृती आणि इतर कारणांनी सहकारी एकेक करून मायदेशी आले. त्यात कमीपणा काहीच नाही. कोटणीस मात्र राहिले. ते चिनी भाषा शिकले, सैनिकांच्या वाट्याचे भरडधान्य खाऊ लागले, आणि जपानी फौजांच्या पिछाडीच्या मुलखात गेले. ‘मारा, जाळा, लुटा’ हेच तेथे शत्रूचे धोरण होते. इस्पितळ म्हणजे शेतकऱ्यांची घरे. हल्ला आला की जखमींसह तेही हलवायचे. याच मुलखात कॅनडाचे डॉ. बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाची धुरा जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाच्या नावात भारत आणि चीन ही दोन्ही नावे गुंफलेली होती. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. त्या दिवशी गांधीजी येथे पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते.

कोटणीस अखेरच्या वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. लोकशाही समाजवाद्यांचे त्या पक्षाशी मूलभूत मतभेद आहेत; ते लपवण्याचे कारण नाही. १९६२ नंतर तर हे नाव घेणेही अनेकांना अवघड वाटले. परंतु ज्या शेतकऱ्याच्या पोटातील गोळी कोटणीसांनी काढली, त्याला प्रथम त्याचा पक्ष विचारला गेला नव्हता.

दूर राहणारा मृतांची संख्या मोजतो. तेथे राहणाऱ्याला त्या संख्येत न बसणारे मरण दिसते. १९४३ च्या बंगालचेच पाहा. तेथील बहुसंख्य खेड्यांत रणांगण नव्हते. तरी जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीतून तांदूळ आणि नावा हलवल्या, युद्धखर्चाने भाव भडकले, आणि सुमारे तीस लाख माणसे भुकेने व रोगराईने गेली. त्यांची नावे कोणत्याही दफनभूमीत कोरलेली नाहीत.

आज गाझा, सुदान, युक्रेन येथून बातम्या येतात, आणि सभांमधून निषेधाचे ठराव संमत होतात. ठराव अवश्य व्हावेत. पण प्रत्येक ठरावासोबत दोन प्रश्न विचारले जावेत: निधी किती जमला, आणि जायला कोण तयार आहे? जाणे शक्य नसेल तर तेथून आलेल्याचे म्हणणे वस्तीवस्तीत पोहोचवण्याचे काम तरी कोणी अंगावर घेतले? १९३८ साली या प्रश्नांना उत्तरे मिळाली होती. त्या पाचांपैकी एक उत्तर सोलापुरातून गेले, आणि परत आले नाही.