पुन्हा परीक्षार्थी



मानसशास्त्रात बी.ए. केलं आणि 22 वर्षं पतपेढीत काढली. आता समुपदेशनात एम.ए. करायचं ठरवलंय. सीयूईटी-पीजीला वयाची अट नाही, पण चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. तेव्हा शाळेसारखं अंदाजपंचे चालणार नाही! मुलगी बारावीत. घरात दोघी परीक्षार्थी, स्वयंपाक यांच्याकडे.

वाचन जमतं, संख्याशास्त्राने मात्र घाम फुटतो. पण खरी तयारी वेगळीच. आपण सगळे सल्ला देण्यात पटाईत, आणि समुपदेशन म्हणजे सल्ला नव्हे. कार्ल रॉजर्स यांनी 1957 सालच्या लेखात समोरच्याचा विनाअट स्वीकार आवश्यक मानला. परवा लेक म्हणाली, "आई, मला इंजिनिअरिंग नको." मी तोंड मिटून ऐकलं. फार जड गेलं हो!

एम.ए. झाले म्हणून मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होणार नाही. त्याला वेगळं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. शिवाय दोन वर्षं पगार नाही. राजीनामा लिहून ठेवलाय, प्रवेश मिळाला की देईन.

आपल्या बॅचचे गणिताचे दोन प्राध्यापक समोरच बसलेत. रविवारी तासभर द्या, चहा-पोहे माझ्याकडे.