पिकअप म्हणजे नेमकं काय?

आम्ही माकणीच्या बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, हा शाळेचा तास नाही. हा शब्द तुमच्या घरात कधीचाच येऊन बसला आहे. तो म्हणजे 'पिकअप'.

माल बाजारात न्यायचा असला की आपण पिकअप सांगतो, म्हणजे मागून उघडी असलेली छोटी मालगाडी. चढावर गाडी दमली की ड्रायव्हर म्हणतो, "गाडीला पिकअप नाही." म्हणजे ती वेग घेत नाही. लेक विचारते, "आई, फोन का पिकअप केला नाहीस?" म्हणजे उचलला का नाहीस. शब्द एक, अर्थ तीन. आणि तिन्ही आपल्याला न शिकवता कळतात.

इंग्रजीत याचे आणखी अर्थ आहेत. 'आय विल पिक यू अप' म्हणजे मी तुला घ्यायला येते. 'शी पिक्ड अप हिंदी' म्हणजे ती ऐकून ऐकून हिंदी शिकली. 'बिझनेस इज पिकिंग अप' म्हणजे धंदा आता वाढायला लागला.

असं का होतं? नुसतं 'पिक' म्हणजे वेचणं, तोडणं. कापूस वेचतो, फुलं तोडतो, तसं. त्याला 'अप' जोडलं की उचलणं. 'आउट' जोडलं की निवडून काढणं. 'ऑन' जोडलं की एखाद्याच्या मागं लागून त्याला छळणं. मागचा लहान शब्द बदलला की सगळा अर्थ फिरतो. परक्या माणसाला हे फार जड जातं, असं सॅम्युएल जॉन्सन नावाच्या इंग्रज विद्वानानं १७५५ साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे. तेव्हा आपल्याला अवघड वाटलं, तर त्यात आपलं काही कमी नाही.

आता आपलं 'उचलणं' बघा. घागर उचलतो, फोन उचलतो, रेशन उचलतो. हिमतीनं पाऊल उचलतो. गटात एखादीचं म्हणणं उचलून धरतो. पाऊस झाला की पीक उचल घेतं. विचार न करता बोलणाऱ्याला 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' म्हणतो. आणि दुसऱ्याची वस्तू लांबवणारा तो उचल्या! हे सगळे अर्थ आपण कोणत्या पुस्तकात पाठ केले? शेजारचा शब्द बघितला आणि समजलो. इंग्रजीलाही हीच युक्ती चालते.

पण अर्थ नीट कळला नाही तर पदरचे पैसे जातात. समजा, लातूरच्या दुकानदारानं शेवयांची ऑर्डर दिली आणि मोबाईलवर लिहिलं, 'पिकअप गुरुवारी'. म्हणजे तो माल न्यायला येणार, की आपण पिकअप करून माल पोचवायचा? गाडीभाडं आपल्यावर पडलं तर शेवयांचा नफा रस्त्यातच संपेल. म्हणून लगेच तीन गोष्टी विचारा: कोण येणार, माल कुठून उचलणार, भाडं कोण देणार? उत्तर मोबाईलवर लिहूनच मागा. विचारण्यात कमीपणा नाही.

आपल्याच भाषेतल्या 'उचल' शब्दाचंही तसंच आहे. ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात. ऐकायला ती मदत वाटते, पण ते अंगावरचं कर्ज असतं. बोलणी बहुतेक वेळा नवऱ्याशी होतात, आणि फेडताना मात्र कोयता दोघांचा चालतो. मग रक्कम किती, फिटली किती, बाकी किती, हे बाईलाही माहीत हवं आणि कागदावर हवं. गटातून उचल घेतानाही व्याज आणि हप्ता विचारूनच सही करा, अंगठा द्या.

२००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. लेकरू वाचताना अडलं तर 'मला काय कळतंय' म्हणून उठून जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा, "या शब्दाच्या मागंपुढं काय लिहिलंय?" एवढ्या प्रश्नानं निम्मं काम होतं.

पुढच्या बैठकीत एक खेळ करा. 'लावणं' हा शब्द घ्या. दिवा लावणं, रोप लावणं, नाव लावणं, जीव लावणं. प्रत्येकीनं एकेक अर्थ सांगायचा आणि शेवटी मोजायचे. एवढी भाषा ज्यांच्या तोंडी आहे, त्या बायांनी 'पिकअप'ला का भ्यावं?