परात हाडं असलेला मासा

मासा साफ करताना आपण आधी त्याचे पर कापून टाकतो. त्यात नुसते काटे, खाण्यासारखं काही नसतं. पण फार पूर्वी असेही मासे होते, ज्यांचे पर मांसल असत आणि आत जाड हाडं असत. त्यांतल्याच एकाबद्दल आज बोलू. त्याचं नाव टिकटालिक.

सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वी तो उथळ पाण्यात राहायचा. अंगावर खवले, म्हणजे मासाच. पण डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वरच्या बाजूला आणि चक्क मान! आपल्या रोहूला मान नसते, वळायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. टिकटालिकला नुसतं डोकं वळवता यायचं.

आता आपला दंड चाचपून बघा. तिथं एकच हाड आहे. कोपराखाली दोन, पुढे मनगटाची बारीक हाडं. भाकरी थापणाऱ्या आपल्या हाताची ही ठेवण त्याच्या पुढच्या परात दिसते. तो आपला थेट पूर्वज असं मात्र नाही. पोलंडमध्ये चार पायांच्या प्राण्यांचे त्याहून जुने ठसे मिळाले आहेत. पण पाण्यातून जमिनीवर येताना शरीर कसं बदललं, ते त्याच्याकडे बघून कळतं.

नील शुबिन, टेड डेश्लर आणि त्यांचे सोबती १९९९ पासून कॅनडाच्या अगदी उत्तरेला शोध घेत होते. तिथं खोदकाम उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांतच होतं. अखेर २००४ मध्ये एल्समिअर बेटावर हा मासा दगडात सापडला.

तो मुलूख इन्युइट लोकांचा. म्हणून शास्त्रज्ञांनी नाव तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारलं. त्यांनी आपल्या बोलीतला शब्द दिला: टिकटालिक, गोड्या पाण्यातला मोठा मासा. २००६ मध्ये तो जगापुढे आला.

आमच्या गटात एकीनं विचारलं, "याचा आपल्याला काय उपयोग?" आम्ही विचारात पडलो. मरळ, वाम, शिंगटी ही नावं आपल्या आज्यांना तोंडपाठ. आपल्या मुलींना त्यांतली किती येतात? आजी गेली की तिच्याबरोबर नावंही जातात.

तर या आठवड्यात गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. ओढ्यातल्या माशांची नावं विचारा, वहीत लिहा. गटाच्या बैठकीत ती वाचून दाखवा. मुलींनाही सोबत न्या.