हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याची तयारी
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं आजाराचा विषय काढिला, याबद्दल आपण आम्हांस क्षमा करावी. इ. स. १९५३ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं डॉ. जॉन गिबन यांनीं हृदय व फुफ्फुसें यांचें काम कांहीं वेळ यंत्राकडे सोंपवून एका तरुणीच्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्या वेळीं जें अद्भुत वाटलें, तें आज आपल्या घरोघरच्या बोलण्यांत आलें आहे. शस्त्रवैद्याची तयारी पुष्कळ झाली. रोग्याची तयारी कोणीं करावयाची, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

शस्त्रक्रिया ठरली म्हणजे पैशांची जुळवाजुळव होते, रक्त देणारे तरुण पुढें येतात, नोव्हेना सुरू होतात. हें सर्व योग्यच आहे. मात्र ज्याची छाती उघडावयाची, त्यालाच कोणी कांहीं सांगत नाहीं. "लहानसें काम आहे, लौकरच घरीं नेऊं," असें मुलें म्हणतात. आणि म्हातारा बाप, मुलांस वाईट वाटूं नये म्हणून, तें खरें मानल्यासारखें दाखवितो. दोन्हीं पक्ष भितात, आणि भय वांटून घेण्यास कोणी उरत नाहीं.

प्रथम शरीराची तयारी पाहूं. तंबाखू, विडी व मिश्री शक्य तितक्या आधीं सोडावी. मधुमेह ताब्यांत आणावा. झडप बदलावयाची असल्यास दांत तपासून घ्यावेत. कारण किडलेल्या दांतांतील जंतू रक्तावाटे नव्या झडपेवर जाऊन बसूं शकतात. रक्त पातळ करणारें औषध डॉक्टरांच्या आज्ञेवांचून बंदही करूं नये व चालूही ठेवूं नये. दीर्घ श्वास ओढण्याचा व्यायाम क्षुल्लक मानूं नये. हॉलंडमधील उट्रेक्ट येथें फुफ्फुसाच्या विकाराचा धोका अधिक असलेल्या २७९ रोग्यांचा अभ्यास झाला व तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं निदान दोन आठवडे दररोज २० मिनिटें हा व्यायाम केला, त्यांच्यांत न्युमोनिया शेंकडा ६.५ जणांस झाला. इतरांत तो शेंकडा १६.१ जणांस झाला.

आतां मनाची तयारी. १९६४ सालीं बोस्टन येथील डॉक्टरांनीं पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रोग्यांविषयीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकीं कांहींस वेदना कोठें व कशी होईल आणि ती सोसतांना अंग कसें सैल सोडावें, हें आधींच समजाविलें होतें. त्यांस वेदनाशामक औषध इतरांच्या सुमारें निम्मेंच लागलें. सत्यानें रोगी खचला नाहीं, तर सावरला.

म्हणून हृदयाच्या रोग्यासही सांगावें कीं, शुद्धीवर येतांना घशांत नळी असेल व बोलतां येणार नाहीं. ती काढली म्हणजे वाचा परत येईल. यंत्रें वाजत राहतील; तीं पहारा करण्यासाठीं आहेत. छातीचें हाड तारेनें बांधलेलें असेल. खोकतांना उशी छातीशीं धरावी. तें सांधण्यास दोन-तीन महिने लागतात; तोंवर ओझें उचलूं नये. हें ठाऊक असलेला मनुष्य जागा झाला म्हणजे आपण मेलों कीं काय, अशा भ्रमांत पडत नाहीं.

रोग्यानेंही सत्य बोललें पाहिजे. आपल्यांत दारू पिणारे थोडे नाहींत, आणि इस्पितळांत "कधींतरी सणावाराला घेतों" असें सांगणारेही थोडे नाहींत. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकीं तुटली, तर शस्त्रक्रियेनंतर त्यास कंप व भ्रम होऊन जिवावर बेतूं शकतें. पापनिवेदनांत आपण धर्मगुरूंपासून कांहीं लपवीत नाहीं. तसेंच भूल देणाऱ्या डॉक्टरांपासूनही लपवूं नये.

शेवटीं आत्म्याची तयारी. रुग्णाभ्यंगासाठीं धर्मगुरूंस बोलाविलें म्हणजे आशा संपली, अशी जुनी समजूत अद्याप कित्येक घरांत आहे. आणि म्हणून त्यांस बोलावितां बोलावितां उशीर होतो. वस्तुतः दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालींच सांगितलें कीं, हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठीं नाहीं. आणि १९७२ सालीं पोप सहावे पौल यांनीं त्याचा विधि नवा करून दिला. गंभीर आजारामुळें शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर तीपूर्वीं हा संस्कार घेणें उचित आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. हें तेल निरोपाचें नव्हे, बळाचें आहे.

तेव्हां आमची एवढीच विनंति आहे. रोग्याला भेटावयास जाल तेव्हां अमक्याचें काय झालें, याच्या भयंकर कथा नेऊं नका. त्याच्याजवळ बसा, आणि "तुम्हांला कशाची भीति वाटते?" एवढें विचारा. उत्तर येईपर्यंत उठूं नका. प्रभु येशूनेंही गेथशेमनी बागेंत शिष्यांस आपलें दुःख उघड सांगितलें होतें, आणि आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंति केली होती. त्या रात्रीं ते निजले. आपण तरी जागे राहूं या.