कवळीच्या खेपा

साठी उलटलेल्या माणसांपैकी सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नसतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा जगभराचा अंदाज आहे. आपल्या इंदूरमध्ये तर १९६१ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि तिथे खासगी दवाखान्याच्या मानाने फार कमी पैशांत कवळी होते. तरीही गरीब घरातली म्हातारी माणसं बोळक्या तोंडानेच दिवस काढतात. माझ्या मते खरी अडचण दरापेक्षा खेपांची आहे. पहिल्या खेपेला जबड्याचं ढोबळ माप, दुसऱ्या खेपेला हिरड्यांचं बारीक माप. तिसऱ्या खेपेला मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून चाव ठरवतात. चौथ्या खेपेला मेणात रोवलेले दात लावून ओठ मिटतात का, ‘फ’ आणि ‘स’ स्वच्छ उमटतात का, हे पाहतात. कवळी हाती पडते ती पाचव्या खेपेला, आणि त्यानंतर टोचणारी कड घासून घ्यायला पुन्हा जावं लागतं. महिन्याला ६०० रुपये पेन्शन असलेल्या आजींना दर वेळी रिक्षाचं भाडं आणि सोबत येणाऱ्या सुनेची बुडालेली मजुरी कशी परवडावी?

सरकारी योजनांनी हे ओळखलेलं नाही. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या जोडीला कवळीही आहे, हे चांगलंच झालं. पण काठी शिबिरात वाटता येते, कवळी तशी वाटता येत नाही. आयुष्मान योजनेत २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना ५ लाखांचं संरक्षण मिळालं, परंतु ते मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी, आणि कवळीसाठी कोणी भरती होत नाही. म्हणून वस्तीतल्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये आठवड्यातला एक दिवस ठरवून दंत महाविद्यालयाचे इंटर्न आणि एक अध्यापक बसावेत. दात उरलेलेच नसतील तर मापासाठी ड्रिल लागत नाही. डोकं टेकायला आधार असलेली खुर्ची, चांगला उजेड, मापाचं साहित्य, मेण आणि गरम पाणी एवढ्यावर भागतं. प्रयोगशाळेचं काम महाविद्यालयात व्हावं. तोंड तपासताना तंबाखू-मिश्रीने पडलेले पांढरे चट्टे वेळीच दिसतील, हा लाभ तर कवळीहूनही मोठा.

खर्च आवरणार नाही, असा आक्षेप येईल. ब्रिटनमध्ये १९४८ साली कवळ्या मोफत झाल्या, झुंबड उडाली आणि १९५१ मध्ये शुल्क लावावं लागलं, हे खरं आहे. पण ती गर्दी वर्षानुवर्षं तुंबलेल्या गरजेची होती. आपण वयाची आणि उत्पन्नाची अट घालून एका वॉर्डापासून सुरुवात करू शकतो. दुसरा आक्षेप असा की, मिळालेल्या कवळ्या डबीतच पडून राहतात. राहतात खऱ्या, पण टोचणारी कड घासून द्यायला जवळपास कोणी नसतं म्हणून. आणि ‘या वयात दात कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी ताटाकडे पाहावं: भाकरी, हरभरे, गाजर, पेरू एकेक करून सुटतात आणि चहात बुडवलेला पाव तेवढा उरतो. अशाने अंगात ताकद कुठून येणार?

ज्येष्ठ नागरिक संघांना माझी विनंती आहे: आपल्या वॉर्डातल्या बिनदातांच्या ज्येष्ठांची यादी करा आणि ती घेऊन महापालिका व दंत महाविद्यालय या दोघांकडेही जा.