मेकाँगवरचा पूल ओलांडताना

पाठीवर एकेक सॅक घेऊन आम्ही चौघी बँकॉकहून रात्रीच्या गाडीने नोंगखाईला उतरलो. समोर मेकाँग नदी, पलीकडे लाओस. मधला मैत्रीपूल १९९४ सालचा, आम्ही तो बसने ओलांडला. अलीकडे थायलंडचा शिक्का, पलीकडे लाओसचा. एक माणूस म्हणाला, "पासपोर्ट द्या, सगळं करून आणतो." आम्ही दिले नाहीत. रांगेत पाय दुखले, पण कागद आपल्याच हातात राहिले. पूल संपल्यावर बस डावीकडून उजव्या बाजूला गेली, कारण लाओसात रस्त्याच्या उजवीकडूनच चालवतात! व्हिएन्टियानच्या बाजारात बांबूच्या टोपलीतला चिकट भात घेतला. तोही हातानेच खातात, बरं का. एकदाच प्रवेशाचा व्हिसा देशाबाहेर पडताच संपतो, म्हणून परतीचं आम्ही बँकॉकलाच विचारून ठेवलं होतं.